त्या फोटोत वाकलेली प्लेट दिसत होती

१ ऑगस्ट २००७. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल काही सेकंदांत खाली आला. १३ माणसं गेली, १४५ जखमी झाली. पुलावर तेव्हा डागडुजी चालू होती आणि वाळू-खडीचे ढीग व यंत्रं एकाच भागात ठेवलेली होती. चौकशीत मूळ दोष निघाला तो चाळीस वर्षांपूर्वीचा. पोलादी सांगाड्याचे सांधे धरून ठेवणाऱ्या काही गसेट प्लेट आराखड्यातच अर्ध्या इंचाच्या धरल्या होत्या, त्या असायला हव्या होत्या सुमारे दुप्पट जाड.

त्या अहवालातला दुसरा एक तपशील मला जास्त अस्वस्थ करतो. १९९९ आणि २००३ साली काढलेल्या फोटोंत नेमक्या त्याच सांध्यांवरच्या प्लेट बाक आलेल्या दिसतात. म्हणजे पूल पडायच्या चार वर्षं आधी पुरावा चित्रात होता. पण पाहणीचा सगळा रोख गंज आणि तडे यांवर असे. प्लेट सरळ आहे की नाही, हा प्रश्न कोणी त्या फोटोला विचारलाच नाही.

आज ड्रोन, लेझर स्कॅनर, थर्मल कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या जोरावर पूल, वीजवाहिन्या, तेलाच्या टाक्या, कारखान्यांच्या चिमण्या ‘नजरेखाली’ ठेवण्याची भाषा सगळीकडे ऐकू येते. त्यामागचा इतिहास बराच जुना आहे. आणि माझ्या मते तो कॅमेऱ्यांचा कमी, नोंदींचा जास्त आहे.

छायाचित्रावरून मोजमाप करण्याची कल्पना पडता पडता वाचलेल्या एका माणसाला सुचली. १८५८ साली आल्ब्रेख्त मायडेनबाउर हा तरुण प्रशियन वास्तुविशारद वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेत होता. उंचावर लटकून काम करताना तो खाली कोसळणार होता, थोडक्यात बचावला. त्यानंतर त्याच्या मनात आलं की भिंतीवर चढून टेप लावण्याऐवजी दोन-तीन ठरलेल्या जागांवरून फोटो काढले, तर भूमितीच्या मदतीनं मापं फोटोवरूनच मिळतील. १८६७ मध्ये याला ‘फोटोग्रामेट्री’ हे नाव मिळालं आणि १८८५ मध्ये बर्लिनला त्यासाठी खास सरकारी संस्था उभी राहिली. कॅमेरा कुठे ठेवला होता, कोणत्या दिशेला होता, भिंग कोणतं होतं, हे लिहून ठेवणं या पद्धतीत फोटोइतकंच महत्त्वाचं होतं. पत्ता नसलेल्या फोटोवरून माप निघत नाही.

त्याच १८६७ साली आपल्याकडे भोर घाटात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा एक मोठा दगडी पूल कोसळला. घाटमार्ग सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. आपल्या रेल्वेत आजही दर वर्षी पावसाळा संपला की पुलांची पाहणी होते, प्रत्येक पुलाची स्थिती रजिस्टरात नोंदवली जाते. दगडी बांधकामात भेग दिसली तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवतात, तारीख टाकतात. पट्टी फुटली, तर भेग वाढते आहे. अभियंते याला टेल-टेल म्हणतात. एका क्षणाची स्थिती गोठवून ठेवायची आणि पुढच्या खेपेला तिच्याशी ताडून पाहायचं, इतकं साधं ते आहे. ‘दृश्य माहिती’ या शब्दाचा गाभा मला त्या काचेत दिसतो.

पण डोळ्याला मर्यादा आहे, आणि ती किती क्रूर असू शकते हे १५ डिसेंबर १९६७ला कळलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंटजवळ ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला आणि ४६ जण मेले. १९२८ सालचा हा पूल पोलादी पट्ट्यांच्या साखळ्यांनी तोललेला होता. त्यातल्या एका पट्टीच्या डोळ्यात, म्हणजे पिन जाते त्या भोकाच्या कडेला, सुमारे अडीच मिलिमीटर खोल तडा होता. सांधा सोडवल्याशिवाय तो दिसणंच शक्य नव्हतं. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत १९७१ साली पूल पाहणीचे राष्ट्रीय निकष आले आणि सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी पाहणी बंधनकारक झाली. पुढे १९८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीकवरचा पूल पुरानं पायाखालची माती खरवडून नेल्यामुळे पडला, १० माणसं गेली, आणि मग पाण्याखालच्या पाहणीचे नियम आले. प्रत्येक नियमाच्या मागे माणसं मेलेली आहेत.

मिनियापोलिसचा तो पूलही १९६७ सालीच वाहतुकीला खुला झाला होता. म्हणजे या निकषांखाली त्याची वर्षानुवर्षं पाहणी झाली होती.

दरम्यान डोळ्याला न दिसणारं दाखवणारी साधनं येत गेली. १८०० साली विल्यम हर्शेलनं अवरक्त किरण शोधले होते, पण उद्योगात ते उपयोगी पडायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. १९६५ मध्ये स्वीडनच्या आगा कंपनीनं उच्चदाबाच्या वीजवाहिन्या तपासण्यासाठी अवरक्त कॅमेरा आणला. ढिला झालेला सांधा तापतो, आणि चालू लाइनवर, वीज बंद न करता, तो उजळ ठिपक्यासारखा दिसतो. वीज उपकेंद्रांतले लोक याला थर्मोव्हिजन म्हणतात आणि त्या ठिपक्याला हॉटस्पॉट. इथेही तोच नियम: एका फेजचं, म्हणजे वाहिनीतल्या एका तारेचं, तापमान बाजूच्या फेजशी आणि मागच्या वेळच्या आकड्याशी ताडल्याशिवाय अर्थ लागत नाही.

१९९९ मध्ये कॅनडातल्या डेव्हिड लोव यांनी वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या फोटोंमधले तेच ते बिंदू संगणकाला ओळखता येतील, अशी रीत मांडली. मायडेनबाउरला कॅमेऱ्याची जागा काटेकोर ठरवावी लागे. आता शेकडो फोटोंतून संगणक ती स्वतः शोधू लागला आणि त्यातून वस्तूचं त्रिमितीय रूप उभं करू लागला. पुढच्या दशकात ड्रोन स्वस्त झाले. परांचीवर बसून पुलाच्या पोटाखाली लटकण्याची वेळ अनेक ठिकाणी टळली, आणि हा फायदा मी सर्वांत मोठा मानतो.

आपल्याकडे या विषयाची धग पोचली ती २ ऑगस्ट २०१६च्या रात्री. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही. मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात तो धोकादायक ठरला नव्हता, असं सरकारनं तेव्हा सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रानं पुलांची राष्ट्रीय माहिती प्रणाली जाहीर केली, ज्यात प्रत्येक पुलाला स्वतःचा क्रमांक आणि स्थितीची श्रेणी मिळाली. १४ मार्च २०१९ला मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. तोही आधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्तीवर पास झालेला होता. २०२१ मध्ये ड्रोनचे नियम सुटसुटीत झाले, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं आपल्या प्रकल्पांचं दर महिन्याला ड्रोनमधून चित्रीकरण सक्तीचं केलं.

आता तडे ओळखणाऱ्या संगणकप्रणाली आल्या आहेत. त्यांना हजारो तड्यांचे फोटो दाखवून तडा ओळखायला शिकवतात. मिनियापोलिसचा २००३चा फोटो अशा प्रणालीपुढे ठेवला, तर ती बहुधा काहीच बोलणार नाही, कारण त्या प्लेटला तडा नव्हता, बाक होता. तो पकडायचा तर आराखड्यातली सरळ रेषा, किंवा आधीच्या वर्षाचा त्याच कोनातला फोटो, शेजारी हवा. जुन्या दगडी पुलांचे असे फोटो आपल्याकडे किती आहेत, आणि ते कोणत्या खांबाचे, कोणत्या बाजूचे, हे त्यांच्यावर लिहिलेलं आहे का, याकडे मी ड्रोनच्या खरेदीआधी पाहीन. आणि सावित्रीसारख्या नदीत खांबाचा पाया जिथे पाण्यात उतरतो, तिथवर वरून उडणारा कॅमेरा पोचत नाही.