सरंजाम गेला, जमीन राहिली

सरदार घराण्यातला उद्योजक निवडणुकीला उभा राहिला की पुण्यात पहिला शब्द निघतो तो 'पिढीजात'. पेशवाई सगळ्यांना ठाऊक आहे, ती इथे उगाळत नाही. अशा घराण्यांच्या आजच्या श्रीमंतीचा माग इंग्रजी अमदानीत आणि त्याहून जास्त १९५० नंतरच्या कायद्यांत लागतो.

१८१८ नंतर कंपनी सरकारने दख्खनच्या सरदारांची यादी करून तीन वर्ग पाडले. १९०९ च्या सुधारणांत मुंबई कायदेमंडळात या सरदारांची स्वतःची जागा होती. पुढे इनामदारही त्यात आले आणि १९३७ च्या विधानसभेतही ती जागा टिकली. शेतात राबणाऱ्या बहुतेक कुळांना तेव्हा साधे मतही नव्हते.

'इनाम' या शब्दाचा गुंता मात्र सोडवायलाच हवा. सरंजाम, म्हणजे सरदाराला लावून दिलेले मुलखाचे उत्पन्न, मिळे चाकरीपोटी, इनाम वंशपरंपरेने. लोक समजतात, इनामदार म्हणजे गावाचा मालक. पण पुष्कळदा त्याला मिळालेला असे तो गावचा सारा, म्हणजे जमिनीवरचा कर. जमीन कसणाऱ्याकडेच असे. काही ठिकाणी जमीनच इनाम दिलेली होती. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन सनदा तपासू लागले, तेव्हा हा फरक जिवावर आला. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ज्यांनी वाड्यात नीट बांधून ठेवले होते ते तरले. बाकीच्यांपैकी पुष्कळांची इनामे खालसा, म्हणजे सरकारजमा झाली.

१९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामे रद्द झाली. ही मोठी क्रांती म्हणून सांगतात. मला ती अर्धीच वाटते. साऱ्याची सूट गेली, पण जी जमीन इनामदाराच्या स्वतःच्या कब्जात होती ती पूर्ण सारा भरून त्याच्याकडेच राहिली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी खंडाने दिलेल्या पुष्कळ जमिनी कुळांच्या झाल्या. कब्जातली जमीन शहरालगत असली तर गोष्टच वेगळी. पुण्याची महानगरपालिका १९५० चीच. साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडला कारखाने आले आणि एकराने मोजायची जमीन चौरस फुटाने विकली जाऊ लागली. कारखान्याचे भांडवल, बँकेतली पत, प्रचाराचा खर्च, सगळ्याला तारण तीच. जुन्या फेरफारात 'इनाम' हा शब्द आजही वाचायला मिळतो.

१९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने शहरातल्या मोकळ्या जमिनीवर मर्यादा आणली. महाराष्ट्राने तो २००७ मध्ये रद्द केला.