रुंद नेक, दोन पट्ट्या आणि जाडीचा घन

आठ तारांची गिटार घ्यायला गेलेल्या माझ्या मित्राला दुकानात सांगितलं गेलं, “नेक (गिटारचा लांब दांडा) एवढा रुंद आहे, वाकेल कसा?” हा समज अनेक वादकांचाही असतो आणि तो साफ चुकीचा आहे.

सहा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर तारांची 45-50 किलोंच्या आसपास ओढ असते. सहा तारांच्या बेसवर, म्हणजे खर्जाच्या गिटारवर, ती 100 किलोंच्याही पुढे जाते. रुंदी दीडपट केली की नेकचा ताठपणा दीडपटच वाढतो. तारा वाढल्याने ओढही तेवढीच वाढलेली असते, म्हणजे रुंदीची कमाई तिथेच संपते.

जाडीचं तसं नाही. ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. लाकडी फूटपट्टी आडवी धरून दाबा, लगेच वाकेल. तीच धारेवर उभी धरून दाबा, हलणार नाही. सुतार छपराचा वासा उभा बसवतो तो याचसाठी. रुंद नेकवर मात्र बोटं पलीकडच्या तारेपर्यंत पोचावीत म्हणून नेमकी जाडीच तासली जाते. 21 मिलिमीटरची जाडी 18 केली की ताठपणा 37 टक्क्यांनी घटतो. त्यात खर्जासाठी स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, 25.5 इंचांवरून 27 वर नेली, तर बाक लांबीच्या वर्गाने वाढतो. दोन्ही मिळून बाक जवळजवळ पावणेदोन पट!

मग ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आत बसवलेली धातूची सळई, कशाला असतो? गिब्सन या गिटार कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना त्याचं पेटंट 1923 मध्ये मिळालं. हा रॉड मुख्यतः तारांच्या विरुद्ध दिशेने जोर लावून बाक काढतो. पण मधोमध बसलेला एकच रॉड पीळ काढू शकत नाही. जाड तारांची बाजू आणि बारीक तारांची बाजू सारखी ओढली जात नाही, आणि नेक जितका रुंद तितका हा फरक जास्त जाणवतो. रिकनबॅकर कंपनीच्या बेसमध्ये म्हणूनच दोन रॉड आढळतात.

दुसरा उपाय म्हणजे रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या. धाग्यांच्या दिशेने कार्बन मेपलच्या (नेकसाठी वापरलं जाणारं लाकूड) साधारण दहापट ताठ असतो. जाहिराती इथेच थांबतात, त्यामुळे नेकही दहापट ताठ होईल असं वाटतं. तसं होत नाही. 3 मिलिमीटर रुंद आणि साडेनऊ उंच अशा दोन पट्ट्या 18 मिलिमीटरच्या नेकमध्ये उभ्या बसवल्या, तर माझ्या ढोबळ हिशेबाने ताठपणा पंचवीस-तीस टक्के वाढतो. त्याच आडव्या बसवल्या तर आणखी कमी. शिवाय नेकच्या मध्यरेषेपासून, म्हणजे जिथे लाकूड ना ताणलं जातं ना दाबलं जातं तिथून, पट्टी जितकी वर किंवा खाली तितका तिचा उपयोग जास्त. पण फार कडेला न्यावी, तर नेकच्या गोलाईतून ती पाठीमागे बाहेर डोकावते.

तरीही मी या पट्ट्यांच्या बाजूने आहे. सततच्या ओढीखाली लाकूड महिनोन् महिने हळूहळू सरकत राहतं आणि पावसाळ्यात फुगतं. कार्बनचं तसं होत नाही. अट एकच: खाच पट्टीला घट्ट बसणारी हवी आणि आत इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) पूर्ण भरलेलं हवं. पट्टी खाचेत सैल राहिली तर लाकूड आपलं वाकतं, पट्टी आपली वाकते.