वकील केला म्हणजे कोर्टात जायची गरज नाही? साफ चूक आहे हे

आमच्या पेडण्यात, डिचोलीत कुणालाही विचारा, जामीन झाला की म्हणतात सुटलो बाबा, आता पुढचं वकील बघेल. असं नसतं हो! जामीन म्हणजे केस संपली नाही, तुम्ही बॉण्डवर सही करून लिहून दिलेलं असतं की प्रत्येक तारखेला हजर राहीन, आणि ती सही तुमची असते, वकिलाची नव्हे.

माझ्या मावसभावाने हेच केलं, दोन तारखा गेलाच नाही, तिसऱ्या वेळी सकाळी सात वाजता दारात पोलीस, हातात अजामीनपात्र वॉरंट, आणि मावशी पेजेचं भांडं हातात धरून तशीच उभी. जामीनदार राहिलेल्या काकांनाही नोटीस, रक्कम का वसूल करू नये म्हणून. त्या माणसाचा काय दोष सांगा?

खरंच अडचण असेल, आजारपण, बोटीवरची नोकरी, तर वकिलामार्फत त्या दिवसापुरता गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायचा, कायद्यात सोय आहे, पण मंजूर करायचा की नाही ते न्यायाधीश ठरवतात, नुसता वकिलाला फोन करून सांगितलं म्हणजे माफी झाली असं नाही. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत, त्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली जामिनावर असताना सबळ कारणाशिवाय हजर न राहणं हाच वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे मूळ केसमध्ये निर्दोष सुटलात तरी ही उरतेच.

घर बदललं तर नवा पत्ताही कोर्टाला कळवा.