हँडलला प्ले आला म्हणजे लेथ संपलं?

"क्रॉस स्लाइडच्या हँडलला प्ले आला की लेथ अचूक माप देत नाही, भंगारात घाला." कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोलीत हे वर्षानुवर्षे सांगितलं जातं. तसं नाही. लेथ म्हणजे धातू फिरवत कातणारं मशीन, क्रॉस स्लाइड म्हणजे त्यातलं हत्यार आडवं सरकवणारा भाग, आणि प्ले म्हणजे हँडल फिरवूनही स्लाइड हलत नाही ती ढिलाई. थोडा प्ले नव्या मशीनलाही असतो. हँडल जास्त मागे घेऊन पुन्हा एकाच दिशेने मापावर आणलं की त्याचा परिणाम मापात येत नाही. प्ले फार वाढला तर बहुधा स्लाइड सरकवणाऱ्या स्क्रूवरचा नट झिजलेला असतो, आणि तो बदलता येतो. मात्र आधी स्क्रू नीट बघा: तो मधेच झिजला असेल तर तिथला प्ले काढण्यासाठी घट्ट बसवलेला नट टोकांकडे जाम होतो.

खरी काळजी बेडची, म्हणजे हत्यार ज्यावरून लांबीत सरकतं त्या पायाची. चकमध्ये (काम पकडून फिरवणाऱ्या भागात) जाड रॉड धरा, हलका कट घ्या, दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर हेडस्टॉकचं (चक ज्यावर बसतो त्या भागाचं) अलाइनमेंट, मशीनची लेव्हल आणि बेड तपासा. नट बदलून तो फरक जाणार नाही.