टेल्कोची गाडी

जून 2025 मध्ये टाटांची हॅरिअर ईव्ही ही इलेक्ट्रिक गाडी आली. तेव्हा किंमत 21.49 लाखांपासून, 65 आणि 75 किलोवॉट-तासांच्या दोन बॅटऱ्या, वरच्या मॉडेलला पुढे-मागे दोन मोटरी. तेव्हापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘गाडी झकास आहे, पण टाटाची आहे.’ दुसरं, ‘टाटाची आहे ना, मग बघायचं काय?’ दोघांचंही चुकत नाही. दोघं एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या काळाबद्दल बोलताहेत, एवढंच.

दुसऱ्या वाक्याचं मूळ जुनं. 1945 साली टाटांची टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, निघाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला, जमशेदपूरला. 1954 मध्ये डायम्लर-बेंझशी करार झाला आणि ट्रक सुरू झाले. पुढे टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या काळात पिंपरीचा कारखाना उभा राहिला. कंपनीचं नाव 2003 मध्ये टाटा मोटर्स झालं, पण पिंपरी-चिंचवडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून टेल्कोच. ‘मुलगा टेल्कोत आहे’ एवढं सांगितलं की स्थळाची निम्मी चौकशी तिथंच संपायची. 1986 चा 407 हा छोटा ट्रक तर अजूनही भाजीपासून गणपतीपर्यंत सगळं वाहतोय. मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन 1994 मध्ये सुमो आली, तीही त्याच ट्रकच्या वळणाची. पत्रा जाड, आवाज मोठा, कुठल्याही गॅरेजात उघडता येणारी. आजही नवी गाडी बघायला आलेला माणूस आधी दार लावून ‘धप्प’ ऐकतो, त्यामागे हीच सवय.

पहिल्या वाक्यातला ‘पण’ आला तो इंडिकापासून. डिसेंबर 1998 मध्ये विक्रीला आलेली ही गाडी पुण्याच्या इंजिनिअरांची. जोडणीची यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद कारखान्यातून सोडवून आणलेली. डिझेलवर चालणारी, आतून ऐसपैस. लोकांनी आगाऊ पैसे भरून रांगा लावल्या आणि मग तक्रारींच्याही रांगा लागल्या. 2000-01 मध्ये टेल्कोला 500 कोटींचा तोटा झाला. 2001 ची इंडिका व्ही-टू ही पुढची आवृत्ती बरीच सुधारलेली होती, खपलीही दणकून, पण खपली ती मुख्यतः टॅक्सीवाल्यांत. पिवळ्या पाटीची इंडिका महिन्याला हजारो किलोमीटर पळायची. ती टॅक्सी म्हणून जितकी चांगली निघाली, तितकी घरची गाडी म्हणून मागे पडली. लग्नाला टॅक्सीसारखी दिसणारी गाडी घेऊन कोण जाणार?

नॅनोने त्यात भर घातली. जानेवारी 2008 मध्ये एक लाखाची गाडी म्हणून जगभर नाव झालं, कारखान्याला बंगालमधलं सिंगूर सोडून गुजरातमधल्या साणंदला जावं लागलं, आणि ‘स्वस्त’ हा शिक्का बसला तो बसलाच. 2010 च्या आसपास काही नॅनो पेटल्या. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या अपघात-चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. त्या खेपेला तपासलेल्या पाचही भारतीय गाड्यांना शून्यच मिळालं होतं, पण लक्षात राहिली नॅनो.

म्हणून डिसेंबर 2018 महत्त्वाचा. टाटांच्याच नेक्सॉनला त्याच चाचणीत पाच तारे मिळाले, भारतात बनून भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला पहिल्यांदाच. ‘लोखंड’ हा जुना गुण परत चर्चेत आला, या वेळी आकड्यासकट. माझ्या मते टाटांच्या इलेक्ट्रिक गाड्यांचा पाया बॅटरीत नाही, या ताऱ्यांत आहे.

जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही आली, 13.99 लाखांपासून. कागदावर एका चार्जमध्ये 312 किलोमीटर. रस्त्यावर त्यातले शंभरेक सहज गळायचे. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट उतरला की, उतारावर मोटरच बॅटरीत वीज भरत असल्याने, पडद्यावरचा बॅटरीचा टक्का घटायच्या ऐवजी किंचित चढतो, त्याची नव्या मालकाला कोण मौज! परतताना तोच घाट व्याजासकट वसूल करतो. कागद आणि रस्ता यांतल्या या तफावतीवरून दिल्लीत प्रकरण तापलं. मार्च 2021 मध्ये तिथल्या सरकारने तक्रारीवरून या गाडीचं अनुदान थांबवलं आणि उच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. जून 2022 मध्ये वसईत एक नेक्सॉन ईव्ही पेटल्याचा व्हिडिओ घरोघरी पोहोचला. केंद्राने चौकशी लावली. पण लोकांनी निकालाची वाट कुठे पाहिली? नॅनोची आठवण होतीच, ती वर आली.

तरीही त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या दहा इलेक्ट्रिक कारपैकी आठेक टाटांच्या असायच्या. पर्यायच नव्हते, हे त्यातलं निम्मं कारण. सप्टेंबर 2024 मध्ये एमजी विंडसर आली, नोव्हेंबरात चाकणच्या कारखान्यातली महिंद्रांची बीई सिक्स आणि एक्सईव्ही नाइन-ई. मग लोक दोन दारं लावून दोन्हींचा ‘धप्प’ ताडून पाहू लागले. पत्र्यांमधल्या फटी सारख्या आहेत का, पडदा मध्येच काळा पडतो का, सर्व्हिस सेंटरला हाय-व्होल्टेजचं काम जाणणारी माणसं किती, असे प्रश्न आले. शेवटचा सगळ्यांत कळीचा, कारण टाटांबद्दलची कुरकुर गाडीपेक्षा सर्व्हिसची जास्त असते.

हॅरिअर ईव्हीच्या बॅटरीला ‘लाइफटाइम वॉरंटी’ आहे ती याच पार्श्वभूमीवर. अट वाचली की कळतं, हे आयुष्य 15 वर्षांचं आणि पहिल्या खासगी मालकापुरतं. गाडी विकताना दुसऱ्या मालकाच्या हाती काय उरतं, हे शोरूममध्ये आपण होऊन कुणी सांगत नाही. विचारून, लिहून घ्यावं लागतं.