सिम्युलेशन विज्ञानाच्या वर्गात कसे आले

अणू, विद्युतमंडल किंवा ग्रहांच्या कक्षा पडद्यावर हलत्या दाखवून शिकवणे आज नेहमीचे झाले आहे. हे सिम्युलेशनचे, म्हणजे खऱ्या घटनेची संगणकावर नक्कल चालवण्याचे, तंत्र मुळात शिक्षकांसाठी जन्मलेले नव्हते. ते संशोधकांच्या गरजेतून आले. १९६३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एडवर्ड झेजॅक यांनी आयबीएम ७०९० संगणकावर गणित करून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची छोटी फिल्म तयार केली. उपग्रह म्हणजे नुसता एक ठोकळा, पण तो कसा कलंडतो आणि कसा सावरतो हे आकड्यांच्या रकान्यांपेक्षा त्या फिल्ममध्ये चटकन कळत होते. १९६६च्या सुमारास एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात सायरस लेव्हिन्थल प्रथिनांचे रेणू पडद्यावर फिरवून पाहत होते.

शिक्षणाच्या बाजूने सुरुवात इलिनॉय विद्यापीठात झाली. डॉन बिट्झर यांनी १९६० साली तिथे ‘प्लेटो’ ही संगणकीय शिक्षणप्रणाली उभारली. १९७०च्या दशकात तिला नारिंगी प्लाझ्मा पडदा मिळाला, आणि बोट टेकवून उत्तर देण्याची सोयही. त्यावर रसायनशास्त्राचे प्रयोग होत आणि फळमाश्यांच्या संकराचेही. माश्यांच्या कित्येक पिढ्या एका तासिकेत पाहता येऊ लागल्या, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रयोग दिसायला अगदी साधा होता. शिक्षणसंशोधक अँड्रिया डिसेसा यांनी लोगो या मुलांसाठीच्या संगणकभाषेतल्या, आज्ञेनुसार पडद्यावर फिरणाऱ्या ‘कासवा’ला न्यूटनचे गतीचे नियम लावले. या कासवाला थेट हलवता येत नाही, फक्त धक्का देता येतो. आणि घर्षण नसल्याने ते धक्क्यानंतर थांबतही नाही. सहावीतल्या मुलांना ते एका लक्ष्यावर न्यायला सांगितले. आडव्या जाणाऱ्या कासवाला वर धक्का दिला की ते सरळ वर जाईल, अशी मुलांची खात्री होती. ते तिरपे गेले. पुन्हा धक्का, पुन्हा तिरपे. ‘ढकलू त्या दिशेला वस्तू जाते’ ही ॲरिस्टॉटलच्या वळणाची समजूत मुलांच्या मनात किती खोल असते, हे त्यातून उघड झाले. पुस्तकातली गणिते अचूक सोडवणाऱ्या विद्यार्थ्याचीही ही समजूत तशीच राहू शकते. इथे मात्र स्वतःचे भाकीत चुकताना विद्यार्थ्याला समोर दिसते, आणि म्हणूनच नुसती फिल्म पाहणे आणि सिम्युलेशन स्वतः चालवणे यांत मला फार मोठे अंतर वाटते.

फिल्मची परंपराही संपली नाही. व्हॉयेजर यानांच्या प्रवासाची दृश्ये करणाऱ्या जिम ब्लिन यांनी १९८०च्या दशकात कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या ५२ भागांच्या भौतिकशास्त्र मालिकेसाठी केलेले ॲनिमेशन आजही देखणे वाटते.

पुढचा मोठा टप्पा २००२चा. कार्ल वीमन यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले होते. त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा मोफत सिम्युलेशन्सचा प्रकल्प सुरू केला. याच गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला विशेष महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने खऱ्या तारा आणि दिवे वापरून विद्युतमंडले जोडली, दुसऱ्याने पडद्यावर. नंतर दोघांनाही खरे मंडल जोडून त्यामागचे कारण सांगायला लावले. पडद्यावर शिकलेला गट दोन्हींत सरस ठरला. तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन खऱ्या प्रयोगात कधीच दिसत नाहीत. सिम्युलेशनमध्ये ते दिसत होते.

यावरून प्रयोगशाळेला कुलूप लावावे असे कोणी म्हणू नये. सैल जोडणी, डगमगणारा काटा, मोजमापातली त्रुटी यांच्याशी झगडणे हाही विज्ञानाचाच भाग आहे, आणि नीटनेटक्या पडद्यावर तो सहसा गाळला जातो. शिवाय इलेक्ट्रॉन म्हणजे रंगीत गोळ्या, असा नवाच गैरसमज मुलांच्या मनात बसण्याचा धोका असतो. तो टाळायचा तर पडद्यावरचे काय खरे आणि काय सोयीपुरते, हे शिक्षकालाच सांगावे लागते.

एक अडचण निव्वळ तांत्रिक होती. असंख्य शैक्षणिक सिम्युलेशन्स फ्लॅशमध्ये किंवा जावा ॲपलेट म्हणून, म्हणजे ब्राउझरला वेगळी जोड देऊनच चालणाऱ्या तंत्रांत, लिहिलेली होती. ब्राउझरनी जावा ॲपलेटचा आधार काढून घेतला, आणि २०२०च्या अखेरीस ॲडोबीने फ्लॅशही बंद केले. फेटने आपली बरीच सिम्युलेशन्स एचटीएमएल५ या ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या तंत्रात नव्याने लिहून काढली. ज्यांच्यामागे असा गट किंवा निधी नव्हता, अशी कित्येक चांगली सिम्युलेशन्स आता सहजासहजी उघडत नाहीत.