पश्तून जमातींचे मूळ

पश्तून (पख्तून, अफगाण, भारतात रूढ नाव पठाण) हा अफगाणिस्तानचा दक्षिण व पूर्व भाग आणि पाकिस्तानचा वायव्य प्रदेश येथे राहणारा, पश्तो भाषा बोलणारा व पितृवंशीय कुळांत विभागलेला जनसमूह होय. अफगाणिस्तान व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातील १८९३ च्या ड्यूरँड सीमारेषेने त्याचा प्रदेश दोन राज्यांत विभागला गेला. त्याच्या उत्पत्तीविषयी एकमत नाही.

परंपरागत वंशावळीचे सर्वांत प्रभावी रूप ‘मखजन-ए-अफगाणी’ या फार्सी ग्रंथात मिळते. जहांगीरच्या कारकिर्दीत, इ.स. १६१२-१३ च्या सुमारास, दख्खनमध्ये असलेला मोगल सरदार खानजहान लोदी याच्या आश्रयाने निमतुल्ला हरवी याने तो सिद्ध केला. त्यात अफगाणांचा वंश इस्रायलचा राजा तालूत (शौल) याच्यापर्यंत नेला असून पैगंबरांच्या काळी इस्लाम स्वीकारणारा कैस अब्दुर रशीद हा पश्तूनांचा मूळपुरुष मानला आहे. सरबन, बैतन व गरगश्त या त्याच्या तीन मुलांपासून मुख्य शाखा निघाल्याचे सांगतात. आफ्रिदी, खटक, वझीर इत्यादींची कर्लाणी शाखा दत्तक मुलाची, तर गिलझई व लोदी ही कुळे बैतनची कन्या बीबी मतो हिची संतती समजली जातात. पितृवंशाचा इतका आग्रह धरणाऱ्या समाजात ही दोन अपवादात्मक कथानके यावीत, यावरून बाहेरून आलेले गट वंशवृक्षात नंतर बसवले असावेत असे दिसते. इस्रायली उगमाला भाषिक किंवा जनुकीय आधार मिळालेला नाही. पश्तो ही पूर्व-इराणी भाषा आहे.

ऋग्वेदातील दाशराज्ञ युद्धाच्या सूक्तात (७.१८) येणारे ‘पक्थ’ आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने उल्लेखिलेले ‘पाक्त्युएस’ हेच पश्तूनांचे पूर्वज, हे मत भारतीय वाचकांना परिचित आहे. नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ गेओर्ग मॉर्गेन्स्टिएर्न यांनी त्यावर घेतलेला ध्वनिशास्त्रीय आक्षेप मात्र गंभीर आहे. ‘पख्तून’मधील ‘ख’ हा ईशान्येकडील बोलींतील उच्चार असून तो आधीच्या ‘ष’सदृश ध्वनीपासून बनला आहे, तर प्राचीन इराणीतील ‘ख्त’ हा जोडध्वनी पश्तोत तसा टिकत नाही. त्यामुळे ‘पक्थ’शी असलेले साम्य वरवरचे ठरते. त्यांनी ‘पर्सवान’सारखे पूर्वरूप कल्पून प्राचीन भूगोलकार टॉलेमीच्या ‘पर्सिएताइ’ या लोकांकडे निर्देश केला. हे अनुमान सिद्ध झाले आहे असे नाही, तरी ध्वनिनियमांच्या दृष्टीने ते अधिक ग्राह्य वाटते. पश्तोचा शकांच्या बोलींशी काही संबंध असावा, असेही त्यांचे मत होते.

‘अफगाण’ या नावाचा पुरावा तुलनेने स्पष्ट आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘अवगाण’ लोकांचा निर्देश केला आहे, ‘हुदूद अल्-आलम’ हा फार्सी भूगोलग्रंथ (इ.स. ९८२) व अल्-बीरूनी यांच्या लेखनात अफगाण हे हिंदुस्थानच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातील लोक म्हणून येतात. हे नाव ‘अश्वक’ या शब्दापासून आले, ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी विवाद्य आहे. आठव्या शतकातील पश्तो काव्याचा दाखला देणारा ‘पटा खजाना’ हा ग्रंथ १९४४ मध्ये अब्दुल हई हबीबी यांनी प्रसिद्धीस आणला. परंतु त्याच्या अस्सलपणाविषयी अनेक अभ्यासकांना शंका असल्याने त्यावर कालनिर्णय उभारणे धोक्याचे आहे.

गिलझईंचा संबंध तुर्की मानल्या गेलेल्या खलज लोकांशी आणि अब्दाली या दुसऱ्या पश्तून गटाचा हेफ्थलाइट म्हणजे श्वेत हूणांशी जोडला जातो. पहिल्या मताला तुलनेने बळ आहे. दुसरे मुख्यतः नामसाम्यावर उभे आहे. मराठी बखरींतील ‘गिलचे’ हे नाव गिलझईंवरून आलेले दिसते, मात्र पानिपतावरील अहमदशहा अब्दाली त्यांच्या प्रतिस्पर्धी गटातील होता.

वंश हा पश्तून अस्मितेचा एकच निकष नाही. पाकिस्तानातील स्वात खोऱ्यात संशोधन केलेले मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी १९६९ मध्ये पितृवंश, इस्लाम व पश्तूनवली (आतिथ्य, जिरगा म्हणजे जमातसभा, पडदा इत्यादी रूढी) यांच्या आधारे तिचे विवेचन केले. नुसते पश्तो बोलणे पुरेसे नसून पश्तो ‘आचरणात’ आणावी लागते, असे खुद्द त्या समाजात मानतात. दक्षिण सीमेवर आश्रित व्यक्ती व गटांना सामावून घेणारी बलुच टोळ्यांची राजकीय रचना अधिक सोयीची ठरल्याने तेथील काही पठाण बलुच होत गेल्याचेही बार्थ यांनी दाखवून दिले.